गुगलच्या डोळ्याला माणूस का दिसत नाही?

सप्टेंबर २०२५ मध्ये देशभरातल्या आणि अर्थातच महाराष्ट्रातल्याही मोबाईलवर एक लाट आली होती. आपला साधा फोटो गुगलच्या 'जेमिनी' या यंत्रणेला द्यायचा आणि जुन्या हिंदी सिनेमातल्या नायिकेसारखे साडीतले रंगीत चित्र काही क्षणांत मिळवायचे. 'नॅनो बनाना' असे गमतीचे नाव असलेले हे चित्रतंत्र २६ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झाले आणि त्याच्या वापरात भारत आघाडीवर असल्याच्या बातम्या झळकल्या. मौज म्हणून याला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु जे यंत्र आपला चेहरा घेते, त्यावर संस्कार करते आणि आपल्याला परत देते, त्या यंत्राला आपला चेहरा नेमका कसा दिसतो, हा प्रश्न कधीतरी विचारला पाहिजे. विशेषतः ज्यांचा चेहरा, ज्यांचे नाव आणि ज्यांची वस्ती या देशात पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांच्याच नजरेने पाहिली गेली, त्यांनी तर विचारलाच पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी २०१५ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षीच्या मे महिन्यात गुगलने 'गुगल फोटोज' ही सेवा सुरू केली. फोटोत काय आहे हे यंत्रच ओळखेल, 'कुत्रा', 'सायकल', 'समुद्रकिनारा' अशा नावांनी फोटोंचे गठ्ठे लावून देईल, अशी तिची जाहिरात होती. महिनाभरातच न्यूयॉर्कमधील एका कृष्णवर्णीय संगणक अभियंत्याला धक्का बसला. त्याचे आणि त्याच्या मैत्रिणीचे फोटो यंत्राने एकत्र करून वर नाव दिले होते, 'गोरिला'. कंपनीने तातडीने माफी मागितली. आपल्याला या प्रकाराने अतीव दुःख झाले असून चूक दुरुस्त केली जाईल, असे सांगितले. जगभर बातम्या आल्या आणि नेहमीप्रमाणे विरल्याही.

दुरुस्ती काय झाली, हे जानेवारी २०१८ मध्ये उघड झाले. 'वायर्ड' या अमेरिकी मासिकाने प्राण्यांचे भरपूर फोटो असलेली ४०,००० हून अधिक चित्रे गुगल फोटोजमध्ये टाकून पाहिली. यंत्राने अनेक प्राणी व्यवस्थित ओळखले. पण 'गोरिला', 'चिंपांझी' आणि 'माकड' हे शब्द टाकले की उत्तर एकच : काही सापडले नाही. म्हणजे यंत्राला माणूस ओळखायला शिकवले गेले नव्हते. फक्त तो शब्द त्याच्या तोंडून काढून घेतला होता. याहून मोठी विसंगती पुढे आहे. याच कंपनीची 'क्लाऊड व्हिजन' नावाची दुसरी सेवा आहे. ती व्यापारी संस्थांना पैसे घेऊन दिली जाते. त्या सेवेला गोरिला आणि चिंपांझी दोन्ही बरोबर ओळखता येत होते. एकाच कंपनीच्या एका साधनाला जे दिसते ते दुसऱ्या साधनाला दिसत नाही, असा हा कारभार! त्याच तपासणीत 'आफ्रिकन अमेरिकन' असा शोध घेतला तेव्हा यंत्राने चरणाऱ्या हरणासारख्या एका प्राण्याचे चित्र पुढे केले, आणि 'कृष्णवर्णीय पुरुष' असे विचारले तेव्हा काळ्या-पांढऱ्या छपाईतले कोणाचेही फोटो दिले. पुढे मे २०२३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पुन्हा तपासले. आठ वर्षे उलटली होती, तरीही गुगल फोटोजला गोरिला सापडत नव्हता.

याला दुरुस्ती म्हणायचे का? विहिरीवर कोणी पाणी भरायचे यावरून गावात तंटा झाला म्हणून पंचांनी विहीरच बुजवून टाकावी आणि तंटा मिटला असे जाहीर करावे, त्यातला हा प्रकार आहे. विहीर बुजली की भांडण दिसत नाही. पण ज्यामुळे भांडण झाले ती वृत्ती जागच्या जागी राहते. कंपनीचे म्हणणे असे होते की, तंत्रज्ञान अजून परिपूर्ण नाही आणि पुन्हा कुणाचा अपमान होण्यापेक्षा तो शब्दच नको. यात सावधगिरी आहे हे मान्य. पण ही सावधगिरी अपमानित माणसासाठी होती की कंपनीच्या प्रतिष्ठेसाठी, हे आठ वर्षांच्या स्वस्थतेने सांगितले आहे.

शब्द काढून टाकल्याने नजर बदलत नाही, याचा पुरावा एप्रिल २०२० मध्ये मिळाला. कोरोनाचा काळ होता. ताप मोजण्याचे पिस्तुलासारख्या आकाराचे यंत्र तेव्हा सर्वत्र दिसत होते. 'अल्गोरिदमवॉच' या जर्मनीतील संस्थेने असे यंत्र हातात धरलेले फोटो क्लाऊड व्हिजनला दाखवले. हात सावळा असताना यंत्राने 'बंदूक' असे सांगितले. हात गोरा असताना 'इलेक्ट्रॉनिक उपकरण' असे सांगितले. मग त्याच सावळ्या हातावर फिकट गुलाबी रंगाचा थर चढवून तेच चित्र पुन्हा दिले, तर बंदूक नाहीशी झाली. वस्तू तीच, पकड तीच. फक्त कातडीचा रंग बदलला आणि आरोप मागे घेतला गेला. गुगलने पुन्हा माफी मागितली आणि काही आकडेमोड बदलली. परंतु अशीच एखादी यंत्रणा उद्या पोलिसांच्या कॅमेऱ्यामागे बसली तर माफीची वेळ येईपर्यंत कुणाचा जीव शिल्लक राहील? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना हा प्रश्न विचारावा लागतो, आणि आपल्याकडे ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला होता, त्या भटक्या-विमुक्तांना तो समजावून सांगण्याची गरज नाही.

हे घडते कसे, हेही समजून घेतले पाहिजे. यंत्राला स्वतःची बुद्धी नसते. त्याला लाखो फोटो दाखवले जातात आणि प्रत्येक फोटोखाली माणसाने लिहिलेले नाव दिले जाते. ज्यांचे फोटो जास्त, त्यांचे चेहरे यंत्राला नीट ओळखता येतात. ज्यांचे फोटो कमी, ते त्याच्या लेखी अंधुक राहतात. आणि कोणते फोटो गोळा करायचे, कोणती चाचणी घ्यायची, कितपत चूक चालेल, हे ठरवणाऱ्या खोलीत जे लोक बसतात, त्यांना आपल्यासारख्यांचे चेहरे ओळखले जातात एवढे पुरेसे वाटते.

ही गोष्ट नवीनही नाही. छायाचित्राची फिल्म होती तेव्हा कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या स्त्रीचा फोटो प्रमाण म्हणून छापखान्यांना पाठवत असे. त्या पत्त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. गोरी कातडी हेच प्रमाण असल्यामुळे काळ्या माणसांच्या फोटोत दात आणि डोळेच तेवढे दिसत. या फिल्ममध्ये सुधारणा व्हायला रेटा कुणी दिला? संशोधकांनी नोंदवून ठेवले आहे की, लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्या कंपन्यांनी. त्यांच्या जाहिरातींत तपकिरी रंगाच्या छटा नीट उठत नव्हत्या! माणसाच्या चेहऱ्यासाठी जी सुधारणा झाली नाही ती चॉकलेटसाठी झाली. बाजाराची नजर कुठे असते, हे यावरून कळावे.

या नजरेला आकड्यांत पकडण्याचे काम दोन कृष्णवर्णीय स्त्रियांनी केले. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये आफ्रिकेतील तीन आणि युरोपातील तीन देशांच्या लोकप्रतिनिधींचे १,२७० फोटो घेऊन मायक्रोसॉफ्ट, आयबीएम आणि फेस प्लस प्लस या कंपन्यांची यंत्रे तपासली. समोरची व्यक्ती स्त्री की पुरुष, एवढेच ओळखायचे होते. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. म्हणजे तीन स्त्रियांमागे एकीला यंत्राने पुरुष ठरवले. या तपासणीत गुगल नव्हते. पण त्यातील गेब्रू पुढे गुगलमध्येच नीतिमत्तेचा विचार करणाऱ्या गटाच्या सहप्रमुख होत्या. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना एका शोधनिबंधाच्या वादातून कंपनीबाहेर जावे लागले. आपल्याला काढले असे त्या म्हणतात. त्यांनी राजीनामा दिला असे कंपनी म्हणते. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्या सहकारी मार्गारेट मिचेल यांनाही कामावरून कमी करण्यात आले. घरातली धूळ दाखवणाऱ्यालाच घराबाहेर काढले की घर स्वच्छ दिसते.

गुगलने काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये पिक्सेल ६ या फोनबरोबर सावळ्या आणि काळ्या त्वचेचे रंग खरे उतरावेत म्हणून 'रिअल टोन' हे तंत्र आणले गेले. मे २०२२ मध्ये हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी तयार केलेली त्वचेच्या दहा छटांची मोजपट्टी कंपनीने स्वीकारली. त्याआधी या क्षेत्रात १९७५ पासूनची फिट्झपॅट्रिक मोजपट्टी वापरली जाई. उन्हाचा त्वचेवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी ती मुळात गोऱ्या त्वचेपुरती बनवली गेली होती आणि तपकिरी व काळ्या छटा तिला नंतर जोडल्या गेल्या. तेव्हा दहा छटांची नवी पट्टी हे पुढचे पाऊल आहे, याबद्दल दुमत नाही.

परंतु उणीव भरून काढण्यासाठी चेहरे कुठून आणले गेले, हेही पाहिले पाहिजे. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'ने बातमी दिली की, पिक्सेल ४ या फोनला चेहरा ओळखायला शिकवण्यासाठी गुगलने नेमलेल्या कंत्राटदाराची माणसे अटलांटा शहरातील बेघर लोकांना आणि इतरत्र विद्यार्थ्यांना गाठून पाच डॉलरच्या कुपनाच्या बदल्यात त्यांचे चेहरे टिपत होती. काळ्या रंगाची माणसे शोधा, असा आदेश होता, आणि नेमके काय टिपले जात आहे ते अनेकांना सांगितलेही गेले नव्हते. बातमीनंतर कंपनीने ती मोहीम थांबवली. आधी ज्यांना मोजले नाही, त्यांना मोजायची वेळ आली तेव्हा पाच डॉलरमध्ये मोजले! प्रतिनिधित्व हवे म्हणजे असे नव्हे.

यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुगलच्या जेमिनीने शब्दांवरून माणसांची चित्रे काढून द्यायला सुरुवात केली. सगळी चित्रे गोऱ्यांचीच येतात, ही टीका टाळण्यासाठी चित्रांत विविधता यावी अशी रचना कंपनीने करून ठेवली होती. परिणाम असा झाला की, १९४३ सालचा जर्मन सैनिक काढायला सांगितले तर यंत्राने नाझी गणवेशात काळी आणि आशियाई माणसे उभी केली. ज्या राजवटीने वंशाच्या नावाखाली साठ लाख ज्यूंची कत्तल केली, तिच्याच फौजेत यंत्राने वंशवैविध्य आणून दाखवले! अमेरिकेत गहजब झाला. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी कंपनीने माणसांची चित्रे काढणेच बंद केले. वरिष्ठ उपाध्यक्ष प्रभाकर राघवन यांनी खुलासा केला की, विविधता कुठे दाखवायची नाही याचा विचार राहून गेला आणि दुसरीकडे यंत्र गरजेपेक्षा जास्त बुजरे झाले. मुख्य कार्यकारी अधिकारी सुंदर पिचाई यांनी हा प्रकार अजिबात स्वीकारार्ह नसल्याचे कर्मचाऱ्यांना कळवले. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस नवे तंत्र घेऊन माणसांची चित्रे पुन्हा सुरू झाली, तीही आधी पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी.

या प्रकरणाचा गैरफायदा घेऊन समतेच्या विरोधकांनी ओरड सुरू केली की, पाहा, विविधतेचा आग्रह धरला की असे होते. ही ओरड खोटी आहे. समतेचा आग्रह म्हणजे इतिहास पुसणे नव्हे. अत्याचार करणारे कोण होते आणि अत्याचार सोसणारे कोण होते, हे स्पष्ट सांगणे ही समतेची पहिली अट आहे. जेमिनीत झाले ते समतेमुळे नव्हे, तर समतेचा वरून रंग मारल्यामुळे झाले. आतली भिंत ओलीच होती. आणि रंग उडायलाही फार काळ लागला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या 'नॅनो बनाना प्रो'ला आफ्रिकेतील मुलांना मदत करणारा स्वयंसेवक काढायला सांगितले की, बहुतेक वेळा काळ्या मुलांच्या घोळक्यात उभी असलेली गोरी स्त्री येते, असे डिसेंबर २०२५ मध्ये 'गार्डियन'ने दाखवून दिले. मदत करणारा गोरा आणि मदत घेणारा काळा, हे यंत्राने पुन्हा गृहीत धरले होते.

आता आपल्या घरचा प्रश्न. त्वचेच्या दहा छटांची पट्टी भारतात उपयोगी पडेल का? काही प्रमाणात पडेल. पण जात त्या पट्टीवर मोजता येत नाही. जातीला वंशाचा आणि रक्ताचा आधार नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात सप्रमाण मांडले आहे. एकाच प्रांतातील ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यात वंशाचा भेद दाखवता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यामुळे ज्या यंत्राची निष्पक्षता फक्त कातडीच्या रंगावर तपासली जाते, ते यंत्र आपल्याकडे परीक्षेला बसण्याआधीच उत्तीर्ण ठरते. आपल्याकडचा भेद रंगात नसतो. तो नावात असतो, आडनावात असतो, घराच्या चित्रात असतो, हातात दिलेल्या वस्तूत असतो.

हे काल्पनिक भय नाही. 'स्टेबल डिफ्युजन' या दुसऱ्या एका चित्रयंत्रावर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले की, 'भारतीय माणूस' म्हटले की यंत्र उच्चजातीय माणसाचे चित्र काढते आणि दलित म्हटले की दारिद्र्याच्या खुणा चिकटवते. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू'ने ओपनएआय कंपनीच्या 'सोरा'ची तपासणी प्रसिद्ध केली. दलिताचे काम दाखव म्हटले तर यंत्राने मळक्या कपड्यांतला काळा माणूस दाखवला, हातात झाडू घेतलेला किंवा मॅनहोलमध्ये उतरलेला. वकील नाही, प्राध्यापक नाही, डॉक्टर नाही. आणि दलिताचे वागणे दाखव म्हटले तेव्हा काही चित्रांत माणूसच नव्हता. डाल्मेशियन जातीचा कुत्रा होता. २०१५ चा गोरिला आणि २०२५ चा कुत्रा यांच्यात दहा वर्षांचे आणि दोन कंपन्यांचे अंतर आहे, पण नजर एकच आहे. ज्या देशाची राज्यघटना लिहिणाऱ्या मसुदा समितीचे अध्यक्ष या समाजातून आले, त्या समाजाचे चित्र काढताना यंत्राला झाडूच आठवतो. कारण इंटरनेटवर ज्यांनी आजवर लिहिले आणि फोटो टाकले त्यांना तोच आठवत होता.

मग या कंपन्यांच्या आत जातीविषयी बोलणारे कोणी आहे का? गुगलचा अनुभव बोलका आहे. एप्रिल २०२२ मध्ये, दलित इतिहास महिन्याच्या निमित्ताने, इक्वॅलिटी लॅब्स या संस्थेच्या थेनमोळी सौंदरराजन यांचे गुगल न्यूजच्या कर्मचाऱ्यांपुढे व्याख्यान ठरले होते. काही कर्मचाऱ्यांनी त्यांना हिंदूविरोधी ठरवत वरिष्ठांना पत्रे पाठवली आणि व्याख्यान रद्द झाले. त्यामुळे फूट पडत होती, असे कारण कंपनीने दिले. व्याख्यान ठरवणाऱ्या वरिष्ठ व्यवस्थापक तनुजा गुप्ता यांनी राजीनामा दिला. जातीमुळे फूट पडते हे कंपनीला मान्य नाही. जातीविषयी बोलल्याने फूट पडते हे मात्र मान्य आहे! ज्या कंपनीत जातीवर तासभर व्याख्यान होऊ शकत नाही, त्या कंपनीच्या यंत्राला जात कशी लपते आणि कशी बोचते हे कोण शिकवणार?

इतिहासाच्या दृष्टीने यातला धोका अधिक गंभीर आहे. आपल्या चळवळीचे जुने फोटो मोजके आहेत. २० मार्च १९२७ चे महाड असो की १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर, त्या लाखो माणसांपैकी कॅमेरा बाळगण्याची ऐपत किती जणांची होती? आज हेच मोजके फोटो यंत्राकडून रंगवून, चेहरे भरून, गर्दी वाढवून समाजमाध्यमांवर फिरवले जातात. जे यंत्र १९४३ चा जर्मन सैनिक नीट काढू शकले नाही, ते चवदार तळ्याच्या काठावरची माणसे कशी काढेल? उद्या खरा फोटो कोणता आणि यंत्राचा कोणता, हे ठरवता आले नाही तर विरोधकांना आपला खरा पुरावाही बनावट ठरवणे सोपे जाईल. यंत्राने बनवलेल्या चित्रात गुगल ऑगस्ट २०२३ पासून 'सिंथआयडी' नावाची अदृश्य खूण घालू लागले आहे. पण ती खूण फक्त ती घालणाऱ्या यंत्राची चित्रे ओळखते. खूण न घालणाऱ्या यंत्राचे चित्र तिच्यातून सहज निसटते.

काही जण म्हणतील, यंत्र तर आरसा आहे, समाज जसा तसे त्याचे चित्र. हा युक्तिवाद अर्धवट आहे. आरसा पैसे घेत नाही, आरसा एकच प्रतिमा कोट्यवधी घरांत पाठवत नाही, आणि आरशाला तक्रारीनंतर दुरुस्त करता येत नाही. यंत्राला येते, जेमिनीचे माणसांची चित्रे काढणे काही दिवसांतच बंद करता आले. समर्थ लोक ओरडले तेव्हा काही दिवस लागले, गोरिलाच्या वेळी आठ वर्षेही पुरली नाहीत, एवढाच काय तो फरक. आपल्याकडेही फेब्रुवारी २०२४ मध्ये जेमिनीने पंतप्रधानांविषयी दिलेल्या एका उत्तरावरून केंद्रीय राज्यमंत्र्यांनी लगेच नियमभंगाचा इशारा दिला आणि १ मार्च रोजी सरकारची सूचना निघाली. इच्छा असली की सरकारही हलते, कंपनीही हलते.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. भारतात जे चित्रयंत्र विकले किंवा फुकट दिले जाते, त्याची चाचणी रंगाबरोबर जातीच्या निकषावर झाली पाहिजे आणि तिचा निष्कर्ष जाहीर झाला पाहिजे. ही चाचणी कंपनीने स्वतःपुरती न घेता ज्यांच्यावर परिणाम होतो त्या समाजातील अभ्यासकांकडून करून घेतली पाहिजे. पंतप्रधानांच्या बाबतीत जी तत्परता सरकारने दाखवली तीच एखाद्या समाजाला झाडू आणि कुत्र्यात बसवणाऱ्या चित्रांच्या बाबतीत दाखवली पाहिजे. आपल्या बाजूनेही काम आहे. घराघरांतील, विहारांतील, वसतिगृहांतील जुने फोटो तारीख, स्थळ आणि नावे लिहून मूळ स्वरूपात जपणे, त्यांना यंत्राच्या रंगरंगोटीपासून दूर ठेवणे आणि संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींना या तपासणीच्या कामात उतरवणे, हे आजच सुरू करता येण्यासारखे आहे.

आपले नाव इतरांनी ठेवले, आपली वस्ती इतरांनी गावाबाहेर ठरवली. आता आपले चित्रही इतरांच्याच हाती राहिले, तर पुढच्या पिढीला शाळेच्या पुस्तकाऐवजी मोबाईलच्या पडद्यावर तीच जुनी पायरी दिसेल. यंत्राला शिकवावे लागते, हीच त्याची कमजोरी आहे आणि हीच आपली संधीही आहे. शिकवणाऱ्यांत आपण असलो तरच त्याला माणूस दिसेल.